आयरिश ‘सूल’ : डोळ्याच्या शब्दात दडलेला सूर्य

आयरिश ही इंग्रजीची एखादी बोली असावी, असा समज अजूनही आढळतो. वस्तुतः ती इंडो-युरोपीय कुळाच्या केल्टिक शाखेतील भाषा असून इंग्रजी त्याच कुळाच्या जर्मानिक शाखेत मोडते. डोळ्यासाठी आयरिशमध्ये ‘सूल’ हा शब्द आहे आणि तो संस्कृत ‘अक्षि’ किंवा लॅटिन ‘ओकुलुस’ यांच्या धातूतून आला असेल, असे सहज वाटते. परंतु अभ्यासकांच्या सर्वसाधारण मतानुसार त्याचे मूळ संस्कृत ‘सूर्य’ ज्यातून आला त्या सूर्यवाचक प्राचीन शब्दात आहे. वेल्श या भगिनीभाषेत त्याच मुळाचा ‘हाइल’ आजही सूर्यालाच म्हणतात, तर आयरिशमध्ये सूर्यासाठी ‘ग्रिअन’ हा निराळा शब्द रूढ आहे. ऋग्वेदात सूर्याला मित्र-वरुणांचा डोळा म्हटलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हे अर्थांतर विचित्र वाटत नाही. ‘अक्षि’चा धातूही आयरिशमधून पुरता नाहीसा झाला नाही, चेहरा आणि प्रतिष्ठा या अर्थांच्या ‘एनेख’ या प्राचीन आयरिश शब्दात तो टिकून राहिला.

‘सूल’, ‘हूल’ आणि ‘तूल’ हे तीन वेगळे शब्द नव्हेत. आयरिशमध्ये आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचा आद्यवर्ण बदलतो आणि या प्रक्रियेला आद्यवर्णविकार म्हणता येईल: ‘माझा डोळा’ म्हणजे ‘मो हूल’, तर निश्चित उपपद लागल्यावर ‘अन् तूल’. यांतले दुसरे रूप नाम स्त्रीलिंगी असल्याची खूण आहे. मराठी ‘डोळा’ मात्र पुल्लिंगी.

अनेकवचन ‘सूले’ असले तरी ‘दोन डोळे’ म्हणताना ‘घा हूल’ असेच, एकवचनासारखे दिसणारे रूप येते. ही व्याकरणाची चूक नसून प्राचीन आयरिशमधील द्विवचनाचा अवशेष आहे; संस्कृतातही द्विवचन होते, मराठीत ते उरले नाही. जोडीने असणाऱ्या अवयवांकडे पाहण्याची ही दृष्टी ‘ल्याहूल’ या समासात अधिकच स्पष्ट होते. त्यातील ‘ल्या’ या पूर्वपदाचा नेहमीचा अर्थ ‘अर्धा’ असल्यामुळे शब्दाचा अर्थ ‘अर्धा डोळा’ असा लावला जातो, पण येथे जोडी हेच पूर्ण एकक मानलेले असल्याने तिचा अर्धा भाग म्हणजे अखंड असा एक डोळा होय. एका हातासाठी आणि एका पायासाठीही आयरिश भाषा हेच पूर्वपद वापरते.