‘बघायला’ ठेवलेली बाई

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती चवीनं वाचणाऱ्यांना हा मजकूर तोंडपाठ असेल. वृद्ध, रुग्ण आणि लहान मुलं सांभाळण्यासाठी आया, मावशी, वॉर्डबॉय घरपोच मिळतील. बारा तास किंवा चोवीस तास. खाली फोन नंबर. पूर्वी तो सहा आकडी असे, आता दहा आकडी मोबाइल असतो, एवढाच काय तो फरक. ‘घरपोच’ हा शब्द आपण एरवी गॅस सिलिंडरसाठी नाहीतर आंब्याच्या पेटीसाठी वापरतो. इथे तो माणसासाठी येतो आणि तासांच्या मापानं येतो. त्या तासांत नेमकं काय करायचं, हे जाहिरातीत नसतं. खरं सांगायचं तर, ते बहुतेक वेळा नंतरही कुणी ठरवत नाही.

अशी बाई घरी आली की आपण शेजाऱ्यांना सांगतो, ‘आईला बघायला बाई ठेवलीय.’ घरातली वडीलधारी माणसं मात्र वर्षानुवर्षं देवाकडे वेगळंच मागत असतात : हातीपायी धड असताना उचल रे बाबा, कुणाकडून करून घ्यायची वेळ आणू नकोस. म्हणजे आपल्या मनात दोनच कप्पे असतात. एक स्वतःचं स्वतः करण्याचा, दुसरा ‘करून घेण्याचा’. एकदा दुसऱ्या कप्प्यात गेलं की संपलं! या दोहोंच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे आणि तिथे थोड्याशा मदतीच्या आधारानं माणूस आपल्याच घरात, आपल्याच तंत्रानं कितीतरी वर्षं राहू शकतो, हे मात्र आपल्या फारसं गावीच नसतं.

‘पूर्वी कुठे अशा बाया लागायच्या?’ असं म्हणणारे भेटतात. पूर्वी बाई लागत नव्हती कारण सून होती, हे त्यांनी विसरू नये. तिला पगार नव्हता, रजा नव्हती आणि तिची नोंदही कुठे होत नव्हती. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय १० कोटींच्या वर होते; तेव्हापासून हा आकडा वाढतोच आहे. सून नोकरीवर, मुलगा बंगळूरला किंवा न्यू जर्सीत, मुलगी तिच्या घरी, आणि इकडे दोन खोल्यांत किंवा बंगल्यात एकटी आई. हे चित्र आता कोथरूड-डोंबिवलीपुरतं राहिलेलं नाही, तालुक्याच्या गावीही दिसतं. तेव्हा पगारी मदत ही चैन नाही. प्रश्न आहे तो मदतीच्या जातीचा.

स्वतःचं स्वतः करणं म्हणजे नेमकं काय, याचा शोध घेणाऱ्यांत अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे डॉक्टर सिडनी कॅट्झ यांचं नाव फार महत्त्वाचं. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांचं निरीक्षण करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली एक साधी मोजपट्टी मांडली. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि हातानं जेवणं, अशा सहा गोष्टी. त्यांच्या ध्यानात आलं की या क्षमता एकदम जात नाहीत, ओळीनं जातात. साधारणपणे आंघोळ आधी सुटते, हातानं जेवणं सगळ्यात शेवटी. आणि माणूस सुधारू लागला की क्रम उलटा होतो. पुढे १९६९मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, औषधं वेळेवर घेणं, पैशांचे व्यवहार अशा घर चालवण्याच्या गोष्टींची निराळी यादी केली. जगभर आजही या याद्या वापरल्या जातात.

यातून आपण घ्यायचं ते इतकंच की, ‘आईला आता काही होत नाही’ हे वाक्य बहुधा खोटं असतं. आईला आंघोळीच्या वेळी आधार लागतो, पण तिचा घास तिच्या हातानं नीट तोंडात जातो. वडिलांना दुपारच्या गोळीची आठवण राहत नाही, पण बँकेचं पासबुक त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. एखाद्या घरी सकाळी तासभर कुणी आलं तरी पुरेल. तिथे बारा तासांची बाई येते, कारण बाजारात तासभराचं माप सहसा मिळत नाही. बारा तास भरायचे तर मग ती सगळंच करू लागते.

ओळखीच्या कितीतरी घरांत मी पाहिलं आहे, बाई आल्यावर पहिल्या आठवड्यात आजींचं पातळ जातं आणि गाऊन येतो. नेसवायला वेळ लागतो, न्हाणीघरात अडचण होते, अशी कारणं असतात. ती अगदीच खोटी नसतात. पण साठ वर्षं पातळ नेसलेली बाई गाऊनमध्ये दारावर आलेल्या भाजीवाल्याशी घासाघीस करायला जात नाही, शेजारीण आली तर आतल्या खोलीत बसून राहते. कपड्याबरोबर उंबरठाही सुटतो. पाठोपाठ चहा हातात येतो, केस विंचरून मिळतात, भाजी निवडायचं ताट उचललं जातं. ‘आजी, तुम्ही बसा, मी आहे ना!’ या वाक्यात माया असते, आणि त्यानंच घात होतो.

हा नुसता भावनेचा मामला नाही. १९८२ साली जेरी एव्हॉर्न आणि एलेन लँगर यांनी एका वृद्धाश्रमातल्या लोकांना जिगसॉचे तुकडे जुळवायला दिले. काहींना बाजूला बसून हातानं मदत केली, काहींना फक्त हुरूप दिला. पुढे एकट्यानं तेच कोडं सोडवायची वेळ आली तेव्हा मदत मिळालेले मागे पडले, हुरूप मिळालेले सुधारले. शरीराचंही तसंच. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं मांस सरासरी किलोभर उतरलं. दहा दिवसांत! आपल्याकडे ‘आराम करा’ म्हणून आपण महिने काढायला लावतो.

अशा वेळी खरी कसबी बाई काय करते? ती हात आवरते. आजी कणीक भिजवत असतील तर परात घसरू नये एवढं बघते. जिना चढताना पुढून ओढत नाही, एक पायरी मागे राहते. बादलीत पाणी काढून देते, स्टूल सरकवते, पाठ चोळून देते आणि दाराबाहेर उभी राहते. आजोबांना सदऱ्याची पाच बटणं लावायला दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं थांबते. हे थांबणं हेच तिचं कौशल्य. आणि नेमक्या त्याच वेळी घरातलं कुणीतरी येऊन म्हणतं, ‘आई काम करतेय आणि बाई बसलीय! पैसे कशाचे देतो आपण?’ परदेशातल्या मुलांनी दिवाणखान्यात कॅमेरा बसवला असेल तर हा आक्षेप मध्यरात्री फोनवरून येतो. मग बाईही शहाणी होते. दिसेल असं काम करू लागते. आजींना बसवून ठेवणं हे सगळ्यात चांगलं दिसणारं काम!

डेन्मार्कमधल्या फ्रेडरिशिया या गावानं २००८मध्ये हे गणित उलटं केलं. घरगुती मदतीसाठी अर्ज करणाऱ्या वृद्धाला तिथे विचारू लागले, ‘तुम्हाला पुन्हा स्वतः काय करायला आवडेल?’ मग काही आठवडे प्रशिक्षित माणसं घरी येत, ते काम करून देण्याऐवजी ते परत जमावं म्हणून सराव करून घेत. २०१५पासून हे तिथल्या देशव्यापी कायद्यात आलं. जपाननं एप्रिल २०००पासून शुश्रूषेचा वेगळा विमाच काढला. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो. गरज पडली की आधी तिची पायरी ठरते आणि त्याप्रमाणे आठवड्याचा आराखडा बनतो. कुणाला आंघोळीपुरती मदत, कुणाला दिवसभर. हे सगळं आपल्याला उद्या परवडेल असा माझा दावा नाही. पण ‘आधी विचारा, मग ठरवा’ याला कुठे पैसे पडतात?

विचारण्यावरून एड रॉबर्ट्स यांची आठवण निघायलाच हवी. वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ होऊन मानेखालचं शरीर निकामी झालेला हा मुलगा १९६२मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला आला. रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपावं लागे, म्हणून मुक्काम विद्यापीठाच्या रुग्णालयात. त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच मित्रांनी मदतनीस नेमले. त्यांना कामावर ठेवणं, शिकवणं आणि काढणं त्यांच्याच हाती होतं. १९७२मध्ये त्यातून ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं. त्यांची भूमिका अशी की, स्वतंत्र असणं म्हणजे मदतीशिवाय जगणं नव्हे. मदत कोणती, केव्हा आणि कशी, हे आपण ठरवणं. ज्यांना आयुष्यात स्वतःच्या हातानं शर्टाचं बटण लावता येणार नव्हतं, ते गृहस्थ पुढे कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचे प्रमुख झाले.

आपल्याकडेही कागदावर हा विचार आला आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे. कुणालाही अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती करता येणार नाही आणि घरी मिळणाऱ्या व्यक्तिगत मदतीचाही त्यात उल्लेख आहे. पण अपघातात कंबरेखाली लुळा झालेला पंचविशीतला तरुण आपल्या गावांत आजही आईच्या कंबरेवर जगतो. आईची कंबर गेली की पुढे काय, याचं उत्तर त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आता त्या बाईकडे वळू. तिला आपण ‘मावशी’ म्हणतो. शब्द गोड आहे. पण मावशीला रजा कशी मागता येईल, आणि मावशीशी पगाराचं काय बोलायचं? ब्यूरो तिच्या कमाईतून कमिशन कापतो. ती पहाटे लोकल किंवा एसटी पकडून येते, स्वतःची म्हातारी सासू घरी दहावीतल्या मुलीच्या भरवशावर ठेवून. चोवीस तासांची असेल तर आजींच्या पलंगाखाली सतरंजी टाकून झोपते. झोपते म्हणजे काय, आजी रात्री चारदा उठल्या तर चारदा उठते आणि सकाळी सहाला पुन्हा कामाला लागते. असं आठ दिवस झाले की घरात डायपरचं पाकीट येतं. ताबा असलेल्या माणसाला डायपर लावणं हा आजाराचा इलाज नाही, बाईच्या झोपेचा इलाज आहे. तिला रात्री सलग सहा तास मिळाले असते, तर आजी स्वतःच्या पायांनी संडासला जात राहिल्या असत्या. आजींची हिंडती-फिरती वर्षं आणि बाईची झोप यांचा हिशेब एकाच वहीतला आहे, हे पगार देणाऱ्यांना उमगायला हवं.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८चा. पण मंडळात नाव नोंदवलं म्हणून आठवड्याची सुटी मिळते असं नाही. घरगुती शुश्रूषेचे अभ्यासक्रमही आता आहेत. उचलायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, शय्याव्रण टाळायचे कसे, हे तिथे शिकवतात. मात्र शिकलेली आणि न शिकलेली यांच्या पगारात बहुतेक घरं फरक करत नाहीत. मग ती शिकेल कशाला? केरळनं इथे थोडी वेगळी वाट काढली. १९९३मध्ये कोझिकोडला वेदनाशमनाचं एक केंद्र निघालं, त्यातून गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले आणि २००८च्या राज्याच्या धोरणानंतर पंचायतींमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. तिथे नर्स एकटी नसते. तिच्या मागे डॉक्टर असतो, शेजार असतो. आपली मावशी मात्र चार भिंतींत एकटीच.

स्मृतिभ्रंश खूप पुढे गेला, पक्षाघातानं दोन्ही हात गेले, तर सगळंच करावं लागतं. तिथे स्वावलंबनाच्या गप्पा मारणं हा कोडगेपणा होईल. तरी आज हिरवं पातळ की निळं, एवढं दोन्ही समोर धरून विचारता येतं, आणि नजर कुठे वळते ते समजतं. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडी, कमोडची योग्य उंची, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा मिणमिणता दिवा, घसरणारी पायपुसणी हद्दपार, या गोष्टींबद्दल इतकं छापून आलंय की इथे जागा अडवत नाही. दांडी मात्र आजींना उभं करून, त्यांच्या हाताच्या उंचीवर ठोकावी. सुतार ती स्वतःच्या उंचीनं ठोकतो.

ब्यूरोकडून माणूस घेताना एक फॉर्म भरावा लागतो. रुग्णाचं नाव, वय, वजन, मधुमेह आहे का, डायपर आहे का. खाली सही असते ती नातेवाइकाची. ज्यांच्या घरात आणि ज्यांच्या अंगाला हात लावून हे काम होणार, त्यांच्या सहीला बहुधा जागाच नसते. म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तास तिघांनी बसावं : आजी, येणारी बाई आणि घरचं कुणीतरी. आजींनी सांगावं की आंघोळीला पाणी किती कढत लागतं, न्हाणीघराचं दार किती लोटायचं, देवाची फुलं कोण काढणार, कपाटाची किल्ली कुठे राहणार, दुपारी कुणी हाक मारायची नाही. बाईनं सांगावं की ती जेवणार केव्हा, झोपणार कुठे, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी तिला किती वेळ मिळणार आणि सुटीचा वार कोणता. घरच्यांनी फक्त लिहून घ्यावं. वही आजींच्या उशाशी राहू दे. न्यू जर्सीला हवा तर फोटो पाठवावा.