उन्हाळीवरची गोळी : रंगाला भिऊ नका, दम लागला तर वेळ दवडू नका

कपाशीची वेचणी सुरू झाली की वऱ्हाडातल्या बाया दिवसदिवस वावरात राबतात. आडोसा नसतो, म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून धरायची. मग उन्हाळी लागते. आग होते, थेंबथेंब लघवी होते, ओटीपोट दुखते. अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा नायट्रोफ्युरॅन्टॉइन ही गोळी लिहून देतात. १९५३ पासून वापरात असलेले हे औषध गुणकारी आहे. पण त्याच्या खोडी घरात सर्वांना ठाऊक हव्यात.

आधी भीती काढून टाका. या गोळीने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते. ते रक्त नव्हे. औषध संपले की रंग जातो. मळमळ होत असेल तर गोळी उपाशीपोटी न घेता भाकर खाऊन घ्या.

आता धोक्याच्या खुणा ऐका. गोळी सुरू केल्यावर ताप, कोरडा खोकला आणि दम लागला, तर ती सर्दी समजू नका. औषध फुप्फुसाला बाधले असू शकते. हातापायांना मुंग्या येणे, अंगावर पुरळ उठणे, डोळे पिवळे होणे, याही वाईट खुणा. मुंग्यांकडे दुर्लक्ष केले तर नसांचे नुकसान कायमचे राहू शकते. अशा वेळी पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला असेल तर थेट अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय जवळ करा. गोळीचे पाकीट सोबत न्या.

ही गोळी सर्वांना चालत नाही. मूत्रपिंड औषध गाळून लघवीत सोडते, तेव्हा ते काम करते. मूत्रपिंड अधू असेल तर औषध लघवीत पुरेसे उतरत नाही, रक्तात साचते. गुण नाही आणि बाधा मात्र होते. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यातील आयाबहिणींनो, तुमच्या भागात मूत्रपिंडाचे दुखणे नवे नाही. घरात कोणाला ते असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईने आणि महिन्याच्या आतल्या बाळाने हे औषध घ्यायचे नसते. जन्मतः जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी याने फुटतात.

म्हणून 'मला गुण आला, तूही घे' असे म्हणून जावेला किंवा शेजारणीला उरलेली गोळी देऊ नका. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणू नका. मागे एखादे औषध बाधले असेल, तर त्याचे नाव घरच्या वहीत लिहून ठेवा आणि दरवेळी दाखवा.

औषध बाधल्याची नोंद तुम्हालाही करता येते. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा फुकट फोन आहे : १८००-१८०-३०२४.

आणि बायांनो, वावरात जाताना पाण्याची कळशी भरून न्या. घरच्या पुरुषांनी धुऱ्यावर चार तुराट्यांचा आडोसा उभा करून द्यावा. त्याला खर्च काही नाही.