रामानंद तीर्थ, स्वामी : शिक्षक व शिक्षणकार्य

(३ ऑक्टोबर १९०३–२२ जानेवारी १९७२). हैदराबाद संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी नेते आणि मराठवाड्यातील राष्ट्रीय शिक्षणाचे एक प्रमुख प्रवर्तक. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म कर्नाटकातील सिंदगी येथे. त्यांचे राजकीय चरित्र सर्वपरिचित आहे. तथापि १९२९ ते १९३८ या काळात ते शिक्षक होते आणि त्यांच्या पुढील नेतृत्वाची घडण प्रथम हिप्परगा व नंतर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील शाळांत झाली, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या कार्याचा व त्याच्या परिणामांचा विचार केला आहे.

पूर्वायुष्य : व्यंकटेश खेडगीकर यांचे शालेय शिक्षण सोलापूर येथे झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. पुढे असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शिक्षणाचा त्याग केला व राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग पत्करला. अमळनेर येथे व नंतर पुण्याच्या टिळक विद्यापीठात त्यांचे उच्च शिक्षण झाले. लोकशाही हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. शिक्षण संपल्यावर त्यांनी कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. कामगारांच्या प्रश्नांशी आलेला हा निकटचा संबंध त्यांच्या विचारांत अखेरपर्यंत टिकून राहिला.

संस्थानातील शिक्षणाची स्थिती : त्या काळी हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी व कन्नड भाषकांचे मोठे प्रदेश समाविष्ट होते. मराठी भाषकांची संख्या एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक-चतुर्थांश असून औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठवाडा म्हणून ओळखले जात. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देण्यास प्रारंभ केला. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या बहुसंख्य मुलांची उर्दू ही मातृभाषा नव्हती, त्यांना प्राथमिक इयत्तांनंतर परक्या माध्यमातून शिकावे लागे. साक्षरतेचे प्रमाण शेकडा दहाच्याही आत होते. खाजगी शाळा काढण्यासाठी सरकारी परवानगी लागे, तसेच सभा-संमेलनांवरही निर्बंध होते. अशा परिस्थितीत मातृभाषेतून शिकविणारी शाळा चालविणे, ही गोष्ट शैक्षणिक असली, तरी तिला आपोआपच सार्वजनिक अर्थ प्राप्त होई.

हिप्परगा येथील कार्य : तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात असहकाराच्या काळात राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. १९२९ मध्ये खेडगीकर तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. शिक्षक व विद्यार्थी यांचे सहजीवन हे या शाळेचे वैशिष्ट्य होते. शिक्षकांना मिळणारे मानधन अल्प होते. शारीरिक श्रम, खादी व स्वावलंबन यांना पुस्तकी अभ्यासाच्या बरोबरीचे स्थान होते. सरकारी नोकरीची वाट येथून जात नसल्यामुळे पालकांना आकर्षित करण्याचे नेहमीचे साधन शाळेजवळ नव्हते. शिक्षकांच्या आचरणावरील विश्वास हाच तिचा मुख्य आधार होता. हिप्परगा येथे असतानाच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली व ते स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. संन्यास हा लोकजीवनापासून दूर जाण्याचा मार्ग न मानता त्यांनी तो कौटुंबिक व आर्थिक पाशांतून मोकळे होऊन काम करण्याचे साधन मानला. दीक्षेनंतरही त्यांचे अध्यापन चालूच राहिले.

अंबाजोगाई येथील कार्य : १९३५ मध्ये स्वामीजी बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह अंबाजोगाई येथे आले व योगेश्वरी विद्यालयात काम करू लागले. निजामी अंमलात या गावास मोमिनाबाद असे नाव होते. योगेश्वरी देवीचे स्थान, आद्यकवी मुकुंदराज व संतकवी दासोपंत यांच्या समाध्या यांमुळे गावाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. तथापि तेथील तरुणांना आधुनिक शिक्षण आपल्या भाषेतून मिळण्याची सोय तुटपुंजी होती. मुकुंदराजांच्या गावी मराठीच्या शिक्षणासाठी शाळा जगवावी लागावी, यातच तत्कालीन परिस्थितीचे स्वरूप दिसून येते.

स्वामीजींचे अंबाजोगाईतील वास्तव्य जेमतेम तीन वर्षांचे होते. एवढ्या अल्पावधीतील कामाचा प्रभाव दीर्घकाळ का टिकला, याची कारणे त्यांच्या कार्यपद्धतीत आढळतात. एक म्हणजे, ते एकटे आले नाहीत. समविचारी शिक्षकांचा एक गट त्यांच्याबरोबर होता. त्यामुळे शाळेचे चैतन्य एका व्यक्तीवर अवलंबून राहिले नाही. दुसरे, शिक्षकाने जे शिकवावयाचे ते स्वतःच्या जीवनात दिसले पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. साधी राहणी, वेळेची शिस्त व निर्भयता हे गुण उपदेशाने नव्हे, तर नित्याच्या सहवासाने मुलांपर्यंत पोहोचत. तिसरे, विद्यार्थी हा त्यांच्या दृष्टीने उद्याचा नागरिक होता. ज्या राज्यात प्रजेला नागरी हक्क जवळजवळ नव्हते, तेथे वर्गात प्रश्न विचारण्याची व स्वतःचे मत मांडण्याची सवय लागणे, हीच एक मोठी शिकवण होती.

शाळेकडून चळवळीकडे : १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि मराठवाड्यातील सुशिक्षितांना एक सनदशीर व्यासपीठ लाभले. स्वामीजी या कार्यात ओढले गेले. १९३८ मध्ये त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न उभा राहिला. मुख्याध्यापकपदावर राहून राजकीय चळवळ करावी, तर सरकारचा रोष शाळेवर ओढवणार. चळवळीपासून दूर राहावे, तर आजवर मुलांना दिलेली शिकवण पोकळ ठरणार. शाळेची जबाबदारी सोडून ते पूर्णवेळ राजकीय कार्यात उतरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या रीतसर स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली, तेव्हा ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला; स्वामीजींनी त्यात भाग घेऊन कारावास पत्करला. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ व औरंगाबादचे महाविद्यालय येथील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ गाण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे स्वामीजींच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते झाले. शिक्षकाशी असलेले त्यांचे नाते अशा रीतीने शाळेच्या भिंतींबाहेर विस्तारले.

पुढे स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून स्वामीजींनी संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणासाठी लढा दिला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी विलीनीकरण दिन पाळण्यात आला. १५ ऑगस्टला भारत स्वतंत्र झाला, त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. स्वातंत्र्यानंतर ते १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून व १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून आले. त्यांचे अंबाजोगाईचे सहकारी बाबासाहेब परांजपे १९५२ मध्ये बीडमधून निवडून आले. मात्र ते काँग्रेसच्या विरोधी आघाडीचे उमेदवार होते. एकाच शाळेत काम केलेल्या दोघांनी स्वतंत्र राजकीय मार्ग निवडावेत, ही घटना बोलकी आहे. स्वामीजींच्या परिवारात निष्ठेची अपेक्षा होती. मतैक्याची सक्ती नव्हती.

प्रभाव व मूल्यमापन : स्वामीजींना गुरुस्थानी मानणाऱ्यांत मराठी भाषकांबरोबर तेलुगू व कन्नड भाषकही होते. १९९१ ते १९९६ या काळात भारताचे पंतप्रधान असलेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक होत. हैदराबाद संस्थानाच्या भाषिक त्रिभाजनाचा स्वामीजींनी पुरस्कार केला व १९५६ मध्ये ते घडून आले. मातृभाषेतून शिक्षण मिळावे, हा शिक्षक म्हणून धरलेला आग्रहच येथे राज्यरचनेच्या पातळीवर व्यक्त झाला, असे म्हणता येईल.

राष्ट्रीय शाळांच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. त्यांची संख्या थोडी होती व त्या मोजक्याच गावांत होत्या. भूमिहीन, अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुले व मुली यांपैकी फार थोड्यांना त्यांचा लाभ मिळाला. मराठवाड्यात शिक्षणाचा खरा विस्तार स्वातंत्र्यानंतर झाला. त्यात औरंगाबाद येथे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे व १९५८ मध्ये सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचे कार्य मोलाचे आहे. या विस्ताराला आवश्यक असलेले शिक्षक, संस्थाचालक व कार्यकर्ते तयार करण्यात मात्र हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांचा वाटा मोठा होता.

स्वामीजींचे निधन हैदराबाद येथे झाले. अंबाजोगाई येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयास व नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे. योगेश्वरीच्या नावाने चालणारी शिक्षणसंस्थाही अंबाजोगाईत टिकून राहिली व विस्तारली. आपण गेल्यानंतरही शाळा चालू राहील, अशी तजवीज करून जाणारा हा शिक्षक होता. मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात त्यांचे स्थान या दृष्टीने पाहणे उचित ठरते.