टाकी चालवणाऱ्याचा चेहरा

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. या म्हणीत दगडाचे सोसणे आहे, देवपण आहे. पण टाकी चालवणारा हात कोठे आहे? या प्रश्नाच्या उजेडात एका जुन्या फ्रेंच चित्राकडे पाहण्यासारखे आहे.

फ्रांस्वा झिरारदाँ हा शिल्पकार १६२८ साली त्र्वा या गावी एका ओतकाऱ्याच्या घरी जन्मला. पुढे चौदाव्या लुईसाठी त्याने व्हर्सायच्या बागेत शिल्पे घडवली. रिगो या चित्रकाराने त्याचे व्यक्तिचित्र रंगवले आणि १७०७ साली गास्पार द्युशांज याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले. पॅरिसच्या शाही अकादमीत प्रवेश हवा असेल, तर कोरणाऱ्याला सभासद कलावंतांचे चेहरे असे कोरून द्यावे लागत.

हे काम कष्टाचे. पोलादी कोरणीने पत्र्यावर रेघ काढायची. रेघ जितकी खोल व दाट, तितकी छाया गडद. मग खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसायचा, ओलसर कागद ठेवून तो दाबयंत्रातून काढायचा. ठसा उलटा उमटतो, म्हणून चेहरा आधीच उलटा कोरायचा. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघत. अशा चित्रांखाली बहुधा चित्रकाराचे नाव असे, कोरणाऱ्याचेही असे.

ही प्रतिष्ठा आकाशातून पडली नाही. पूर्वी पॅरिसचे शिल्पकार कारागिरांच्या संघातच मोडत. १६४८ साली अकादमी निघाली आणि निवडक हातांना 'कलावंत' हे नाव मिळाले. बाकीचे हात कारागीरच राहिले. झिरारदाँने केलेला लुईचा अश्वारूढ पुतळा ओतणाऱ्या मजुरांचे चेहरे कोणी कोरले नाहीत. तो पुतळा १७९२ साली क्रांतीत पाडला गेला. राजाचा घोडा गेला. शिल्पकाराचा कागद उरला.

आता अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, येऊ. भुईकोट किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे, सोळाव्या शतकातली. तिचे दगडी कोरीवकाम पाहण्यासारखे. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी देऊन ती उभी केली, असे लोक सांगतात. दमडी आठवणीत राहिली. देणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

आपल्याकडे श्रम जातीला बांधलेला. पाथरवट, वडार, बेलदार ही जातीची नावे झाली, माणसांची नव्हेत. जेथे काम जातीचे ठरते, तेथे कामाचे श्रेय माणसाला मिळत नाही.

ही सवय आपल्यातही आहे. संसद परिसरातला बाबासाहेबांचा पुतळा १९६७ साली उभा राहिला. त्याचे शिल्पकार ब्रह्मेश वाघ. हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? गावोगावच्या पुतळ्यांच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव ठळक असते. त्याखाली घडवणाऱ्याचे, ओतणाऱ्याचे आणि चौथरा बांधणाऱ्याचेही नाव कोरले पाहिजे. त्यासाठी अकादमी लागत नाही.