देह बोले : जांभई कशासाठी?

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मगर जबडा वासून उन्हात पडलेली दिसली की ‘बघ, कशी जांभई देतेय!’ असं कुणीतरी मुलांना हमखास सांगतं. ती जांभई नव्हे. मगरीला घाम येत नाही. अंग तापवताना डोकं फार तापू नये म्हणून ती तोंड उघडं ठेवते, असं मानलं जातं, आणि ते बराच वेळ तसंच राहतं.

खरी जांभई पाहायची तर वाघाच्या कुंपणाशी थांबावं. आधी लांब श्वास आत जातो, जबडा ताणत ताणत पार उघडतो, डोळे मिटतात, क्षणभर सगळं त्याच टोकाला थांबतं आणि मग श्वास सुटून तोंड मिटतं. एकदा सुरू झालेला हा क्रम मध्येच मोडत नाही. आयुर्वेदातल्या चरकसंहितेने देहाच्या ज्या १३ नैसर्गिक वेगांना अडवू नये म्हटलं, त्यांत जांभई आहेच.

रक्तातला प्राणवायू कमी झाला की जांभई येते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने १९८७ मध्ये ते तपासलं. विद्यार्थ्यांना कधी शुद्ध ऑक्सिजन, कधी जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली. कार्बन डायऑक्साइडने श्वास जोरात चालू लागला, पण जांभया वाढल्या नाहीत. ऑक्सिजनने त्या कमीही झाल्या नाहीत. तरी ती जुनी समजूत अजून जात नाही, याचं वाईट वाटतं.

मग कशासाठी? अँड्र्यू गॅलप या संशोधकाचं म्हणणं असं की जांभई मेंदूला गारवा देते. जबडा ताणला की डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो, आत ओढलेली हवा उष्णता काढून घेते. २०२१ च्या एका अभ्यासात १०१ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या १,२९१ जांभया मोजल्या गेल्या. मेंदू जितका मोठा, तितकी जांभई लांब, असं त्यात आढळलं. या मताला विरोधकही आहेत; पण माझ्या मते आज हाती असलेल्या उत्तरांत हेच सर्वांत भक्कम आहे, कारण ते तपासता येतं. बाहेरची हवाच देहाइतकी तापली तर जांभईचा उपयोग काय? अमेरिकेतल्या टुसॉन शहरात रस्त्यावरच्या लोकांना जांभईची चित्रं दाखवली. हिवाळ्यात, सुमारे २२ अंशांना, ४५ टक्क्यांनी जांभई दिली. उन्हाळ्यात ३७ अंशांना जेमतेम २४ टक्क्यांनी. थंडगार व्हिएन्नात उलट झालं, तिथे उन्हाळ्यात जांभया जास्त. दोन्हीकडे जांभयांचा कल वीस अंशांच्या आसपासच.

दुसऱ्याची पाहून येणारी जांभई हा वेगळा मामला. बाळ आईच्या पोटातही जांभई देतं, पण तिची लागण साधारण चौथ्या वर्षापासून होते. चिंपांझींमध्ये ती आहे, आणि माणसाची जांभई कुत्र्यालाही लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांमध्ये तर जांभई लागलेला सिंह पुढे पहिल्याबरोबरच उठतो किंवा बसतो, असं दिसलं. कळपाने एकदम सावध व्हायची ही सोय असावी.

भोपाळमध्ये जानेवारीची दुपार पंचवीस अंशांच्या आसपास असते आणि मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. गॅलप यांचं म्हणणं खरं असेल तर मेच्या दुपारी उघड्यावर जांभया कमी दिसायला हव्यात. शाळेतल्या विज्ञान मंडळांनी दोन्ही महिन्यांत एकाच वेळी, एकाच बागेत बसून मोजून पाहाव्यात. वही, पेन्सिल आणि तापमापक एवढंच लागतं.