स्मृतीची गळती

संगणक महिनोन्महिने बंद न होतां चालला, म्हणजे कधीं कधीं तो हळूहळू मंदावतो व एके दिवशीं अडून बसतो. बंद करून पुनः चालू केला कीं पूर्ववत् चालूं लागतो. पुष्कळांस एवढाच उपाय पुरेसा वाटतो. परंतु रुग्णालयांत रोग्याच्या उशाशीं असलेलें यंत्र असें वरचेवर बंद करतां येत नाहीं. म्हणून या दुखण्याचें मूळ शोधणें अवश्य आहे. अनेकदां तें 'मेमरी लीक', म्हणजे स्मृतीची गळती, या दोषांत सांपडतें.

गळती हा शब्द थोडा फसवा आहे. गळक्या हौदांतलें पाणी बाहेर जातें. येथें कांहींच बाहेर जात नाहीं. वाचनालयांतून पुस्तक नेलें, परत केलें नाहीं, आणि नेणाऱ्याचें नांवहि वहींतून पुसलें गेलें, तर तें पुस्तक असून नसल्यासारखें होतें. प्रोग्रामनें मागून घेतलेल्या स्मृतीचा पत्ता हरवला, म्हणजे तसेंच घडतें.

सामान्य प्रोग्राम संपला कीं ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सर्व स्मृति स्वतः परत घेते. परंतु नेटवर्क कार्डासारखीं उपकरणें चालविणारा ड्रायव्हर बहुधा त्या सिस्टिमच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नेलमध्यें, काम करतो. त्याच्यामागें झाडलोट करणारा कोणी नसतो. त्यानें हरविलेली स्मृति यंत्र पुनः सुरू होईपर्यंत हरविलेलीच राहते. दर सेकंदास केवळ ४,०९६ बाइट अडकले, तरी एका दिवसांत ३५,३८,९४,४०० बाइट होतात. तीन दिवसांत सुमारें एक गिगाबाइट.

१९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्सचा मजकूर सर्वांस वाचावयास खुला आहे. तेथील रीत पाहूं. 'केमॅलॉक' या फंक्शननें स्मृति मागतात व 'केफ्री'नें परत करतात. समजा, उपकरण जोडतांच ड्रायव्हर क्रमानें तीन गोष्टी मागतो: नोंदींसाठीं स्मृति, येणाऱ्या माहितीसाठीं आणखी स्मृति, आणि उपकरणाची हांक ऐकण्यासाठीं इंटरप्ट. तिसरी गोष्ट नाकारली गेली, आणि ड्रायव्हर 'काम फसलें' एवढेंच कळवून परतला, तर पहिल्या दोन अडकून पडतात. गळती बहुधा यशाच्या वाटेवर नसते, अपयशाच्या वाटेवर असते. कारण त्या वाटेनें जाऊन पाहणारा विरळा.

पांडवलेण्याच्या पायऱ्या चढतांना मध्येंच मागें फिरणारा जेवढ्या चढला तेवढ्याच उतरतो, आणि शेवटची पायरी प्रथम उतरतो. दुरुस्तीचा नियम हाच. तिसरी गोष्ट फसली तर दुसरी परत करावी, मग पहिली. दुसरीच फसली तर केवळ पहिली. यासाठीं फंक्शनच्या शेवटीं उलट क्रमानें खुणा मांडून 'गोटू' या आज्ञेनें योग्य पायरीवर येतात. २००७ पासून आणखी एक सोय आहे. 'डेव्हएम' या अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या फंक्शनांनीं मागितलेली वस्तु उपकरणाच्या नांवें नोंदली जाते. जोडणी फसली किंवा ड्रायव्हर सुटला, कीं कर्नेल ती स्वतः परत घेतें.

गळती हुडकणारा 'केमेमलीक' २००९ सालीं लिनक्समध्यें आला. तो चालू ठेवला असतां अधूनमधून स्मृति चाळतो. दिलेल्या ज्या तुकड्याचा पत्ता कोठेंच सांपडत नाहीं, त्यावर संशय घेतो, व तो कोणीं मागितला हेंहि दाखवितो. तथापि संशय म्हणजे निर्णय नव्हे. शिवाय पत्ता जपून ठेवलेला, परंतु पुनः कधींच न वापरलेला तुकडा त्याच्या दृष्टीस पडत नाहीं.

घाईनें जिकडेतिकडे केफ्री लिहिणें हें तर रोगाहून वाईट. एकच स्मृति दोनदां परत केली, किंवा दुसरा कोणी वापरीत असतांना परत केली, तर यंत्र कोसळूं शकतें व परक्यास आंत शिरावयास वाट मिळूं शकते. म्हणून आधीं विचारावें: या क्षणीं या वस्तूचा धनी कोण?

प्रभूच्या दृष्टान्तांतील कारभाऱ्याप्रमाणें ड्रायव्हर लिहिणाऱ्यासहि हिशेब द्यावा लागतो. विद्यार्थ्यांनीं कागदावर दोन रकाने आंखावे. एकांत 'घेतलें', दुसऱ्यांत 'परत केलें' असें लिहावें, आणि फंक्शनमधून बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर ते जुळतात कीं नाहीं तें पाहावें. जेथें जुळत नाहींत, तेथेंच गळती आहे.