लॅमिनेशनला आलेलं 'चार कोटींचं' तिकीट

मागच्या व्हिडिओत भांडवल कुठून आणायचं यावर बोललो होतो. त्याखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, घरात जुनं पोस्टाचं तिकीट आहे, विकलं तर किती येतील?" आधी मी हसण्यावारी नेलं. मग माझ्याच घरात तेच झालं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

सास्तूरला माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, हे जुन्या लोकांना माहीत आहे. महिन्यापूर्वी माझा चुलत भाऊ दुकानात आला. वहीच्या कागदात गुंडाळलेलं एक तिकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "दादा, एवढं लॅमिनेशन करून दे. खराब व्हायला नको. चार कोटीला जातंय म्हणं हे."

तिकिटावर गांधीजी, खाली 'बापू' लिहिलेलं. मी मशीन गरम करायला लावलं होतं. ते बंद केलं, एवढं एक काम त्या दिवशी बरोबर झालं. लॅमिनेशन झालेल्या तिकिटाला कुठलाही संग्राहक हात लावत नाही. ते प्लॅस्टिक परत निघत नाही.

आता चार कोटींची गोष्ट खरी आहे का? खरी आहे, पण वेगळ्या तिकिटाची. 15 ऑगस्ट 1948 ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षदिनी, आपल्या सरकारने गांधीजींची चार तिकिटं काढली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली. त्यातल्या दहा रुपयांच्या फक्त शंभरएक तिकिटांवर 'सर्व्हिस' असा इंग्रजी शिक्का छापून ती गव्हर्नर जनरलच्या सरकारी वापराला दिली. अशा चार तिकिटांची एक अखंड पट्टी 2017 मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. आपल्या पैशात तेव्हाचे चार कोटी. भावाच्या हातात होतं ते दीड आण्याचं, तपकिरी, वापरलेलं. चेहरा तोच, वर्ष तेच, पण ते घरोघरच्या पत्रांवर लागलं होतं आणि आजही सहज मिळतं.

धंद्यात आपण हेच चुकतो. जुनं म्हणजे महाग असं धरून चालतो. पण ग्राहक वयाचे पैसे देत नाही. 1854 सालचं अर्ध्या आण्याचं तिकीटही फाटकं असेल तर फार मिळत नाहीत, कारण ते भरपूर छापलं होतं. किती उरलेत, कशा अवस्थेत आहेत आणि हवंय कुणाला, यावर भाव ठरतो.

"कुठं सापडलं?" मी विचारलं. आजोबांच्या पेटीत. 1993 च्या भूकंपात ढिगाऱ्यातून काढलेली पत्र्याची पेटी, आज्जीने जिवापाड जपलेली. दोघं घरी गेलो. पेटीत तारेला ओवलेली पत्रं होती. जुन्या लोकांची पद्धत तुम्हाला आठवत असेल, आलेलं पत्र वाचायचं आणि आकड्याच्या तारेत खोचायचं. त्यामुळे प्रत्येक पत्राला मधोमध भोक. बऱ्याच पाकिटांवर निजामाची तिकिटं होती. आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात, त्यांचं पोस्ट वेगळं, तिकिटं वेगळी, आणि किंमत इंग्रजी, उर्दू, तेलुगू, मराठी अशा चार लिप्यांत. एक आण्यावर चारमिनार. 1931 च्या त्याच मालिकेत आठ आण्यावर अजिंठा आणि एक रुपयावर दौलताबादचा विजयस्तंभही आहे, पण आमच्याकडे नुसते चारमिनार निघाले. गरिबाच्या घरी आठ आण्याचं पत्र कोण पाठवणार!

आणि तिथेच ते पाकीट दिसलं. कोपरा फाडलेला. भावाने तिकीट ओढून काढलं होतं. अर्धा शिक्का तिकिटावर, अर्धा पाकिटावर. दोन्ही जुळवून बघितले तर वाचता आलं: सोलापूर, नोव्हेंबर 1948. म्हणजे 17 सप्टेंबरला निजाम शरण आल्यावर दोन महिन्यांनी. रझाकारांच्या काळात आपल्या सीमेवरची कितीतरी घरं सोलापूर, बार्शीकडे निघून गेली होती, त्यात आमच्या आजोबांची बहीणही होती. आत तिचंच पत्र. शेताचं काय झालं, परत यावं का, असं विचारणारं. आज्जीला मी ते वाचून दाखवलं. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही.

सोलापूरच्या एका जुन्या नाण्या-तिकिटांच्या व्यापाऱ्याला पुढून-मागून फोटो पाठवले. तो म्हणाला, सगळ्या तिकिटांचे मिळून सातशे. गांधींचं फाडलं नसतं तर त्या अख्ख्या पाकिटाचे वेगळे पैसे दिले असते. तिकीट, शिक्का, तारीख आणि पत्ता एकत्र असला की त्याला किंमत असते. म्हणून सांगतो, पाकिटावरून तिकीट काढू नका, पाण्यात भिजवू नका, पुसू नका, सेलोटेप लावू नका. बोथट चिमट्याने उचला, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. भिंगातून दाते तुटलेत का, मागची बाजू पातळ झाली आहे का ते बघा. वर काही जादा छापलेलं असेल तर ते आधी वाचा, दहा रुपयांच्या त्या तिकिटाचा सगळा खेळ त्या एका शब्दावर आहे. आणि कॅटलॉगमधला भाव बघून हुरळू नका. तो दुकानदाराचा विक्रीचा भाव असतो, तोही चांगल्या मालाचा. आपल्याकडून घेताना तो बराच कमी देणार, त्यालाही माल वर्षानुवर्षं धरून बसायचं असतं. महापेक्ससारखं तिकीट प्रदर्शन भरलं की तिथे दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारा, अंदाज येतो.

भाव कळल्यावर भाऊ खाली बघत बसला. मग हळूच बोलला. फोनवर कुणीतरी त्याला तिकिटाचे बारा लाख देतो म्हणून 2,150 रुपये 'रजिस्ट्रेशन' घेतले होते. आता 9,500 'जीएसटी' मागत होते. ते पैसे तो माझ्याकडून उसने घेणार होता, लॅमिनेशन हे नुसतं निमित्त. मला राग आला, पण त्याच्यावर काढला नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने अशीच फी मागतात, रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर सूचना देऊन सांगितलं होतं की आम्ही अशा व्यवहारात नाही. खरा घेणारा पैसे देतो, मागत नाही. आम्ही तिथूनच 1930 ला फोन लावून तक्रार नोंदवली. 2,150 अजून आलेले नाहीत.

त्याला शेवयाची मशीन घ्यायची होती, त्यासाठीच हा सगळा उद्योग. आता सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचा अर्ज भरायला घेतलाय. 35 टक्के अनुदान आहे, पण बाकीचं बँकेचं कर्ज आणि स्वतःचा हिस्सा लागतो, फुकट काही नाही. कोटेशन दोन आलेत, तिसरं लातूरहून यायचंय.

सातशे रुपये आम्ही घेतले नाहीत. दीड आण्याचे गांधीजी त्याच फाटक्या पाकिटात परत ठेवले, न चिकटवता. पत्राची मी रंगीत झेरॉक्स काढून आज्जीला दिली, ती तिने लॅमिनेट करून मागितली. ती मात्र करून दिली.